फिफ्थ व्हील लॉक झालं का, ते खाली वाकून बघायचं: ट्रेलरवर नवीन आलेल्या भावांसाठी

खान्देशातून ट्रेलर लई चालतात आता. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा एक हायवे आणि मुंबई-आग्रा हा दुसरा, दोन्ही धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे सळई, कॉइल, कंटेनर, ट्रान्सफॉर्मर, साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्यांचं सामान, सगळं आपल्याच भागातून जातं. दहाचाकी चालवणारी आपली पोरं एक दिवस थेट ट्रेलरच्या सीटवर बसतात. हात पटकन बसतो, वळवायला शिकतात, रिव्हर्स शिकतात, पण घोडा (म्हणजे पुढची इंजिनवाली ओढणारी गाडी) आणि ट्रेलर ज्या एका जागी जोडलेले असतात ती जागा कशी तपासायची हे कुणी बसवून शिकवत नाही. मी हे मुद्दाम नवीन ड्रायव्हर, क्लीनर आणि ज्यांनी पहिलाच ट्रेलर घेतलाय अशा मालकांसाठी लिहितोय. जुन्या माणसांनी पण वाचा, कारण आळस जुन्यांनाच जास्त येतो.

आधी नेमकं काय कशाला जोडलंय ते समजून घ्या. घोड्याच्या मागच्या चेसिसवर जी जाड गोल प्लेट असते, मागून खाच असलेली, ते फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक पिन लोंबते, ती किंगपिन. घोडा मागं गेला की पिन खाचेत शिरते आणि आतले जबडे पिनेच्या बारीक भागाला, म्हणजे कमरेला, धरतात. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वजन प्लेटवर बसतं आणि ओढायचं सगळं काम पिनेवर येतं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रेलरला २ इंची पिन असते, म्हणजे साधारण ५० मिलिमीटर, आणि जास्त जड कामाच्या ट्रेलरला साडेतीन इंची. चाळीस टन माल मनगटाएवढ्या जाडीच्या पिनेवर चाललाय हे एकदा डोक्यात बसलं ना, की मग बाकीचं आपोआप समजतं.

जोडताना

ट्रेलर सपाट जागी पाहिजे, ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लागलेला पाहिजे आणि चाकाला लाकडी ठोकळा. दगड लावू नका, दगड निसटतो. मागं जायच्या आधी खाली उतरून तीन गोष्टी बघा: फिफ्थ व्हीलचे जबडे उघडे आहेत का, लॉक सोडायचा दांडा बाहेर आलेला आहे का, आणि प्लेट मागच्या बाजूला झुकलेली आहे का. मग उंची बघा. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. ट्रेलरची खालची प्लेट फिफ्थ व्हीलच्या मागच्या उतारावर घासून वर चढली पाहिजे, म्हणजे घोडा मागं जाताना ट्रेलर थोडासा उचलला गेला पाहिजे. ट्रेलर फार खाली असेल तर घोड्याची चेसिस नाहीतर मडगार्ड ठोकलं जातं, ते नुकसान डोळ्याला दिसतं तरी. ट्रेलर वर राहिला तर मात्र नुकसान दिसत नाही, कारण पिन खाचेत पूर्ण खाली न जाता वरच्या वर सरकते, जबडे तिच्या कमरेला न धरता खालच्या टोकाला कुठंतरी अडकतात, दांडा पण बऱ्यापैकी आत जातो, खट्ट आवाज पण येतो. ड्रायव्हरला वाटतं लागलं. लागलेलं नसतं.

सरळ रेषेत मागं जा, हळू. तिरपं जाऊन पिन ठोकायची सवय लावू नका, त्याने जबड्याची एक बाजू झिजते. पिन बसली की ट्रेलरचा ब्रेक लागलेला ठेवून पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढं ओढून बघा. क्लच अर्धा सोडायचा, गाडी अडली पाहिजे. दोनदा करा. मग घोड्याचा पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करा, खाली उतरा.

आणि आता टॉर्च घेऊन ट्रेलरच्या खाली जा. ओढून बघितलं म्हणजे काम झालं असं समजू नका, अर्धवट अडकलेली पिन पण त्या एका ओढीला टिकते. धुळ्याला एका गोडाऊनच्या बाहेर मी डोळ्यांनी बघितलंय, ड्रायव्हरने जोडलं, ओढून बघितलं, सगळं ठीक, आणि गेटमधून पहिलं वळण घेताना ट्रेलरचं नाक घोड्याच्या चेसिसवर येऊन पडलं, हवेचे दोन्ही पाइप तुटले. तिथं वेग नव्हता म्हणून निभावलं. हेच कोंडाईबारी घाटात झालं असतं तर मागच्या गाड्यांचं काय झालं असतं याचा विचार करा.

खाली गेल्यावर काय बघायचं ते सांगतो. एक, फिफ्थ व्हीलची प्लेट आणि ट्रेलरची प्लेट यांच्यात फट नको. बाजूने टॉर्च मारा, पलीकडं उजेड दिसला तर फट आहे. दोन, मागच्या बाजूने खाचेत टॉर्च मारा, जबडा पिनेच्या बारीक भागाभोवती पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे, पिनेचं जाड टोक त्याच्या खाली असलं पाहिजे. तीन, दांडा पूर्ण आत, आणि सेफ्टीचा हुक किंवा क्लिप जागेवर पडलेली. या तिन्हीपैकी एक जरी शंकास्पद वाटलं तर ओढू नका. ट्रेलरचे पाय, म्हणजे पुढच्या भागाखालचे टेकू, खाली टेकवा, उंची नीट करा, लॉक सोडा, घोडा पुढं काढा आणि पुन्हा पहिल्यापासून जोडा. मालाची घाई आहे, सेठचा फोन येतोय, गेटवर लाइन लागलीय, यातलं कुठलंच कारण इथं चालत नाही. पाच मिनिटं लागतात फार तर.

हवेचे पाइप लावताना लाल पाइप सप्लायचा, पिवळा ब्रेकच्या कंट्रोलचा, अदलाबदल केली तर ट्रेलरचे ब्रेक नीट चालत नाहीत. कपलिंगच्या तोंडातलं रबर फाटलंय का बघा, लावल्यावर इंजिन बंद करून कान लावा, हवा सुटतीये का कळतं. लाइटची केबल लावून इंडिकेटर, ब्रेक लाइट बघून घ्या. पाइप चेसिसवर लोंबत घासत असेल तर बांधून घ्या, पण इतका ताणून नाही की वळणावर ओढला जाईल. आपल्या उन्हात रबर लवकर तडकतं, वाकवून बघितलं की बारीक चिरा दिसतात, दिसल्या की पाइप बदला, टेप गुंडाळून काम चालवू नका. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून पळासनेरला येताना काय होऊ शकतं ते आपण जुलै २०२३ मध्ये बघितलं, कंटेनरचे ब्रेक गेल्याचं सांगितलं गेलं, तो हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसं गेली. तिथं प्रश्न कपलिंगचा नव्हता, पण ट्रेलरचा ब्रेक या दोन पाइपातूनच चालतो म्हणून सांगतोय.

पुसल्याशिवाय तपासणी नाही

आता नेहमीची देखभाल. घोडा सुटा असेल त्या दिवशी हे काम करायचं. पहिलं काम म्हणजे जुनं ग्रीस पूर्ण काढून टाकणं. बरेच जण जुन्यावरच नवीन ग्रीस थापतात आणि म्हणतात ग्रीसिंग झालं. जुन्या ग्रीसमध्ये आपली काळ्या मातीची धूळ, रेती, लोखंडाचा बारीक कीस सगळं मिसळलेलं असतं आणि ते मिश्रण प्लेटला पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. पत्र्याच्या पट्टीने खरवडा, मग डिझेलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या वेस्टने पुसा, जबड्यांच्या आत वायर ब्रश मारा. ट्रेलरच्या बाजूची प्लेट आणि किंगपिन पण पुसा, ती विसरतात लोक. काढलेलं ग्रीस शेताच्या बांधावर फेकू नका, डब्यात भरा, गॅरेजवाल्याला द्या.

पुसून झालं की मगच खरं काय ते दिसतं. प्लेटवर ग्रीससाठी खाचा पाडलेल्या असतात, त्या एका जागी उथळ आणि दुसरीकडं खोल दिसल्या तर प्लेट एकसारखी झिजत नाहीये. खाचा जवळजवळ पुसल्या गेल्या असतील तर प्लेटचं आयुष्य संपलं. चिरा शोधा, विशेष करून खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लेट ज्याच्यावर पुढं-मागं झुकते त्या पिव्होटच्या कानांपाशी आणि खालच्या ब्रॅकेटच्या जोडांपाशी. चीर साध्या नजरेला सुटते, पण डिझेलने पुसून थोडा वेळ ठेवलं की चिरेत शिरलेलं डिझेल पुन्हा बाहेर पाझरतं आणि ओली काळी रेघ दिसते. तशी रेघ दिसली की गाडी उभी करा. फिफ्थ व्हीलच्या कास्टिंगवर वेल्डिंग मारून कुणी देत असेल तरी मारू नका. पार्ट बदलायचा.

ट्रेलरच्या खालच्या प्लेटवर लोखंडी पट्टी आडवी-उभी धरून बघा, मध्ये खड्डा किंवा फुगवटा असेल तर सगळं वजन एकाच जागी येतं आणि फिफ्थ व्हीलची प्लेट तिथं खायला लागते.

किंगपिनचं माप

हे माप कुणी घेत नाही, आणि घ्यायला व्हर्निअर सोडून काही लागत नाही. नवीन २ इंची पिनेचा बारीक भाग ५०.८ मिलिमीटर असतो आणि तो ४९ पर्यंत आला की पिन बदलायची. त्याच पिनेचा वरचा जाड भाग, प्लेटला लागून असतो तो, नवीन ७३ असतो आणि ७१ ही शेवटची मर्यादा. साडेतीन इंची पिन नवीन ८९, मर्यादा ८६. तुमच्या पिनेच्या कंपनीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा खरा धरा. माप दोनदा घ्यायचं, एकदा पुढून-मागं आणि एकदा डावी-उजवीकडं, कारण पिन सगळीकडून सारखी झिजत नाही, ओढताना एक बाजू आणि ब्रेक मारताना दुसरी बाजू दाबली जाते, त्यामुळे एका दिशेने ५०.५ आणि दुसऱ्या दिशेने ४९ असं येऊ शकतं. लहान आकडा धरायचा. काटकोन्या लावून पिन सरळ उभी आहे का तेही बघा, वाकलेली पिन ठोकून सरळ करायची नसते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. झिजलेल्या पिनेवर वेल्डिंग भरून लेथवर परत माप आणून देणारे मिस्तरी आपल्याकडं आहेत, स्वस्तात होतं, दिसायला नवीन दिसते. पिन फोर्जिंगची असते आणि तिला हीट ट्रीटमेंट दिलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ती सगळी बिघडते, वरून जाड दिसते पण आतून ठिसूळ होते आणि ठिसूळ लोखंड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. एका टायरच्या पैशासाठी असा धोका घेऊ नका. जुना ट्रेलर विकत घेताना तर पिनेवर वेल्डिंगचे थर दिसतात का हे सगळ्यात आधी बघा.

जबड्यात किती खेळ, म्हणजे ढिलेपणा, आलाय हे गाडी जोडलेली असताना कळतं. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा जरासा पुढं-मागं हलवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूला, चाकांपासून लांब उभं करून बघायला सांगा. प्लेट आणि ट्रेलर एकमेकांवर सरकताना दिसले, ठण्ण आवाज आला, तर खेळ आहे. चालवताना पण समजतं, ब्रेक मारला की पाठीत एक धक्का, गाडी उचलली की दुसरा. बऱ्याच कंपन्यांच्या फिफ्थ व्हीलला हा खेळ कमी करायला ॲडजस्ट करायचा बोल्ट असतो, पण तो फिरवायच्या आधी पिनेचं माप घ्या, पिन झिजलेली असताना जबडा आवळला तर उद्या नवीन पिनेचा ट्रेलर त्याच घोड्याला लागणार नाही. ॲडजस्टमेंट माहितगार मिस्तरीकडूनच करून घ्या.

बोल्ट

फिफ्थ व्हील चेसिसला ज्या बोल्टांनी बसवलेलं असतं त्यातला एक जरी ढिला झाला की बाकीच्यांवर भार वाढतो आणि मग ओळीने सुटत जातात. ढिला बोल्ट ओळखायची खूण म्हणजे त्याच्या डोक्याखालून किंवा वॉशरच्या कडेने निघालेली लालसर भुकटी, गंजासारखी, खाली ओघळल्यासारखी दिसते. दोन लोखंडी भाग एकमेकांवर बारीक हलतात तेव्हा ती निघते. हातोडीने हलकं ठोकून बघा, घट्ट बोल्ट टणटणतो, ढिला बदबद वाजतो. टॉर्क पान्ह्याने एकदा पुस्तकातल्या आकड्याइतकं आवळलं की बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर पेंटची एक रेघ मारून ठेवा, नंतर रोज नुसती नजर टाकली तरी रेघ तुटलेली दिसते. बदलायचा झाला तर डोक्यावर जो ग्रेड लिहिलाय, ८.८ असो की १०.९, तोच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला मिळेल तो साधा बोल्ट नको. नायलॉनवाला नट एकदा काढला की नवीन लावायचा. बोल्टच्या डोक्याला वेल्डिंगचा टाका मारून 'आता सुटणार नाही' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पिव्होटच्या दोन्ही पिना आणि रबर बुश पण बघा. प्लेट पुढं-मागं झुकली पाहिजे पण डावी-उजवीकडं हिसके खाल्ले नाही पाहिजे. जाम झालेली प्लेट घाटात उतारावरून सपाटीवर येताना पिनेला वाकवायचा प्रयत्न करते.

ग्रीस मारणं

लिथियमचं ईपी-२ ग्रीस चालतं, मॉलिब्डेनमवालं मिळालं तर आणखी चांगलं. प्लेटवर सगळीकडं पसरून खाचा भरून घ्या, जबड्यांच्या आतल्या बाजूला आणि किंगपिनला हाताने लावा. ग्रीस भरायचे निपल असतील तर ट्रेलरचे पाय टेकवून प्लेटवरचं वजन कमी करा आणि मग गन मारा, दाबलेल्या जागेत ग्रीस शिरत नाही. काही नवीन मॉडेलला वरती प्लास्टिकचं लायनर असतं, त्या प्लेटला ग्रीस लागत नाही पण जबडे आणि पिनेला लागतं, त्यामुळे आपलं कुठलं आहे ते आधी बघा.

किती दिवसांनी? कंपनीचं पुस्तक किलोमीटरमध्ये आकडा देतं, तो कमीत कमी समजा. आपल्याकडं मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, ग्रीस पातळ होऊन कडेने ओघळतं, आणि पावसाळ्यात चिखल-पाण्याने धुऊन निघतं. माझं मत विचाराल तर आठवड्यातून एकदा बघावंच, आणि पूर्ण पुसून नवीन ग्रीस महिन्यातून एकदा. मध्येच स्टिअरिंग जड वाटलं, वळणानंतर गाडी सरळ व्हायला आढेवेढे घ्यायला लागली, किंवा वळताना मागून करकर आवाज आला तर प्लेट कोरडी पडलीय, महिन्याची वाट बघू नका.

सोडताना

काळ्या जमिनीवर ट्रेलर सोडायची वेळ आली तर पायांखाली जाड फळ्या टाकल्याशिवाय सोडू नका. वरून कडक दिसणारी माती एका पावसात लोण्यासारखी होते, एक पाय खाली जातो आणि भरलेला ट्रेलर कलंडतो. उन्हात तापलेल्या डांबरावर पण पाय रुततात. आधी ट्रेलरचा पार्किंग ब्रेक, चाकाला ठोकळा, मग पाय खाली. रिकामे पाय त्यांच्या हँडलच्या वेगवान गिअरवर उतरवा, जमिनीला टेकले की हळू गिअरवर थोडं वजन घ्या, फार उचलू नका, नाहीतर पुढच्या वेळी जोडायला ट्रेलर उंच राहील. हवेचे पाइप आणि केबल काढून त्यांच्या हुकाला अडकवा. मग दांडा ओढायचा. दांडा जोर लावूनही येत नसेल तर पिनेवर ताण आहे, घोडा किंचित मागं घ्या, ताण गेला की येतो, पाइप घालून हिसके देऊ नका. घोडा हळू पुढं काढा आणि पिन सुटल्यावर लगेच थांबा, चेसिस अजून ट्रेलरच्या खालीच असताना. उतरून बघा, पाय टिकलेत, रुतत नाहीत, मगच पूर्ण बाहेर या.

रस्त्यात

भरून निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर एकदा थांबून दांडा, हुक आणि फट पुन्हा बघा. चहाला, जेवायला थांबलात तर परत निघायच्या आधी पण. गाडी नजरेआड उभी असताना कुणी खोडसाळपणाने दांडा ओढून ठेवला तर तो तुम्हाला बसल्या जागेवरून कळणार नाही. क्लीनर असेल तर त्याच्यावर ढकलून देऊ नका, त्याला सोबत नेऊन दाखवा, तोच उद्या सीटवर बसणार आहे.

मालकांसाठी एक. प्रत्येक फिफ्थ व्हीलवर एक छोटी माहितीची पट्टी असते, तिच्यावर डी व्हॅल्यू (ओढताना किती जोर सहन होईल तो आकडा) किलोन्यूटनमध्ये आणि वरून किती टन वजन चालेल ते लिहिलेलं असतं. डी काढायचा हिशोब असा: प्लेटवरच्या वजनासकट घोड्याचं वजन गुणिले ट्रेलरचं एकूण वजन गुणिले ०.६, त्याला भागायचं दोन्ही वजनांच्या बेरजेतून प्लेटवरचं वजन वजा करून येईल त्याने, आणि शेवटी ९.८१ ने गुणायचं, वजनं टनात. म्हणजे घोडा २५, ट्रेलर ४०, प्लेटवर १६ असेल तर वर ६००, खाली ४९, उत्तर येतं साधारण १२०. फिफ्थ व्हीलवरचा आकडा याच्यापेक्षा मोठा पाहिजे. जुना घोडा घेताना ती पट्टी घासून टाकलेली असेल, आकडे वाचताच येत नसतील, तर ते फिफ्थ व्हील बदलायचा खर्च धरूनच सौदा करा. आणि प्रत्येक गाडीची एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, पिनेची दोन मापं, कुठला बोल्ट बदलला, ग्रीस कधी मारलं. ड्रायव्हर बदलला तर वही गाडीतच राहिली पाहिजे.